कारखाना आणि कार्यशाळा यांची गाठ

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या सुधारणेसाठी केंद्र सरकारने ६०,००० कोटी रुपयांची योजना हाती घेतली आहे. मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला संमती दिली आणि ४ ऑक्टोबर २०२५ रोजी पंतप्रधानांनी 'पीएम-सेतू' या नावाने तिचा प्रारंभ केला. देशातील १,००० शासकीय संस्था निवडावयाच्या, त्यांपैकी २०० मध्यवर्ती मानून उरलेल्या ८०० त्यांना जोडावयाच्या, आणि या समूहांचा कारभार उद्योगांच्या पुढाकाराने चालवावयाचा, अशी तिची रूपरेषा आहे. खर्चातील ३०,००० कोटी केंद्राने, २०,००० कोटी राज्यांनी आणि १०,००० कोटी उद्योगांनी उचलावयाचे आहेत. रक्कम लहान नव्हे. तिचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. परंतु पैसा किती खर्च होणार, यापेक्षा तो खर्च झाल्यावर संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाचे दायित्व कोणाच्या शिरावर राहणार, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. आणि त्याचे उत्तर महाराष्ट्र शासनाने व महाराष्ट्रातील कारखानदारांनी आताच दिले पाहिजे.

आमच्या या पुणे शहराभोवती भोसरी, चाकण, तळेगाव आणि रांजणगाव असे कारखान्यांचे कडे पडले आहे. कुशल माणूस मिळत नाही, ही तेथील कारखानदारांची तक्रार आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. त्याच वसाहतींच्या फाटकांशी हाती प्रमाणपत्र घेऊन उभे असलेले तरुण, काम मिळत नाही, असे सांगतात. दोघेही खोटे बोलत नाहीत. एकाला हवा असलेला हात दुसऱ्यापाशी नाही, आणि दुसऱ्याने जे शिकून घेतले त्याची पहिल्याला गरज नाही, असा हा तिढा आहे. त्याचे मूळ फार खोल गेलेले आहे. २०२३-२४ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीनुसार १५ ते २९ या वयोगटातील अवघ्या ४.४ टक्के तरुणांना रीतसर व्यवसाय प्रशिक्षण मिळालेले होते, आणखी १६.६ टक्के तरुण घरी, दुकानात वा ओळखीच्या कारागिराच्या हाताखाली अनौपचारिक रीतीने शिकलेले होते. म्हणजे देशाचे पुष्कळसे कौशल्य अजूनही शासनाच्या शाळेबाहेर, उस्तादाच्या पायाशी बसूनच मिळवले जाते.

कारखान्याने आपला कामगार आपणच घडवावा, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांना माहितगार माणसे हवी होती म्हणून गिरणीमालकांनी आपल्या थैल्या मोकळ्या केल्या आणि १८८७ साली आजची वीरमाता जिजाबाई तंत्रशिक्षण संस्था जन्मास आली. त्याच संस्थेत काही काळ अध्यापन केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या आश्रयाने ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा तयार कामगार त्यांना कोण आणून देणार होते? आसपासच्या खेड्यांतील शेतकऱ्यांची मुले त्यांनी यंत्रापाशी उभी केली आणि त्यांतूनच नांगर घडवणारे कारागीर निर्माण केले. १९६६ साली टेल्कोने पुण्यात कारखान्याची उभारणी आरंभली, तेव्हा सुमंत मूळगावकरांनी शिकाऊ उमेदवारांच्या प्रशिक्षणाला प्रारंभापासूनच मानाचे स्थान दिले. त्या कार्यशाळेतून शिकून गेलेली माणसे पुढे पिंपरी-चिंचवडच्या अनेक लहानमोठ्या कारखान्यांचा कणा झाली. या सर्वांनी शिक्षणाकडे आपल्या धंद्याचे भांडवल म्हणून पाहिले. त्यात दानधर्माचा आव नव्हता.

स्वातंत्र्यानंतर हे कार्य शासनाने आपल्या अंगावर घेतले. १९५० साली कारागीर प्रशिक्षणाची योजना सुरू झाली. १९५६ साली संस्थांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा संमत झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि जिल्ह्याजिल्ह्यांत औद्योगिक वसाहती उभ्या राहू लागल्या. या साऱ्यामागील विचार सुसंगत होता. मुलाने संस्थेत हत्यार धरण्यास शिकावे, मग कारखान्यात उमेदवारी करून तो हात पक्का करावा, आणि शेवटी त्याच परिसरात त्याला काम मिळावे. संस्था हा शिक्षणाचा पूर्वार्ध होता आणि उमेदवारी हा उत्तरार्ध. आज महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. तालुक्याच्या गावी पोहोचलेले असे जाळे उभारल्याबद्दल मागील पिढीला श्रेय दिलेच पाहिजे. दुर्दैव इतकेच की पूर्वार्ध आणि उत्तरार्ध यांची पुढे फारकत झाली.

ती कशी झाली, हे समजून घेणे अवघड नाही. जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री यांचे अभ्यासक्रम देशभर एकच असावेत हे योग्य. त्यामुळे नाशिकचे प्रमाणपत्र जमशेदपुरातही चालते. परंतु हे अभ्यासक्रम केंद्राच्या कोलकात्यातील संस्थेत तयार होतात. तेथून ते दिल्लीमार्गे मुंबईला आणि मुंबईहून तालुक्याच्या संस्थेत येईपर्यंत कारखान्यातील यंत्र बदललेले असते. नवे यंत्र घ्यावयाचे तर मागणीपत्र, मंजुरी, निविदा आणि पुरवठा यांचे रहाटगाडगे फिरले पाहिजे. यंत्र आलेच, तर ते चालवून दाखवणारा शिल्पनिदेशक हवा. २०२२ साली राज्यात चौदाशेहून अधिक शिल्पनिदेशकांच्या जागांसाठी एकदम जाहिरात द्यावी लागली, एवढ्यावरून किती जागा किती काळ रिकाम्या ठेवल्या गेल्या असतील याची कल्पना यावी. तासिका तत्त्वावर नेमलेला, उद्या आपण येथे असू की नाही याची शाश्वती नसलेला शिक्षक मुलाला कोणती उमेद देणार? आणि खुद्द मुलाची कथा काय? या संस्थांतील प्रशिक्षणार्थींना दरमहा ४० रुपये विद्यावेतन देण्याचा प्रघात कित्येक वर्षे चालू राहिला. ते ५०० रुपये करण्याचा निर्णय व्हावयास २०२३ साल उजाडावे लागले. ४० रुपयांत महिन्याभराचा चहासुद्धा होत नाही, हे शासनाच्या ध्यानात यावयास इतकी वर्षे लागावीत, यावरून या मुलांची शासनदरबारी काय किंमत होती ते उघड होते.

येथे एका उथळ टीकेचा समाचार घेणे आम्हांस आवश्यक वाटते. या संस्थांत अजूनही कानस घासावयास शिकवतात, साध्या लेथवर काम करून घेतात, आणि कारखाने मात्र संगणकावर चालतात, असे उपहासाने म्हटले जाते. हा उपहास अस्थानी आहे. लोखंडाचा तुकडा कानशीने काटकोनात आणताना मुलाच्या बोटांना धातूची जात कळते. मायक्रोमीटरने मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजताना अचूकपणाची सवय लागते. संगणकाच्या आज्ञेने फिरणाऱ्या यंत्रावर हत्यार का तुटले, पृष्ठभाग खडबडीत का आला, हे ज्याने हाताने कातकाम केले आहे त्यालाच चटकन उमगते. दोष कानशीत नाही. मूळ धडे गिरवल्यानंतरची पुढील पायरी मुलाला चढू दिली जात नाही, हा खरा दोष आहे.

आता कारखानदारांच्या पदरातील माप पाहू. तयार माणूस मिळत नाही, ही तक्रार करण्याचा त्यांना अधिकार आहे; परंतु तयार करण्याच्या खटाटोपात त्यांचा वाटा किती? ३० किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेतले पाहिजेत, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने झाली. २०१६ पासून विद्यावेतनाचा काही भार केंद्र सरकारही उचलू लागले. १९६१ च्या कायद्यातील कैदेची शिक्षा २०१४ साली वगळून केवळ दंड ठेवण्यात आला. एवढ्या सवलती पदरी पडल्यानंतर कारखानदारांनी आपण होऊन पुढे यावयास हवे होते.

पुढे आले, तेही पुष्कळ ठिकाणी भलत्याच हेतूने. कायद्याच्या दृष्टीने शिकाऊ उमेदवार हा विद्यार्थी आहे, कामगार नव्हे. सबब कामगार कायद्यांचे संरक्षण त्याला नाही, आणि उमेदवारी संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधनही मालकावर नाही. शिकवणे खरोखर चालू असेल तोवर ही तरतूद समर्थनीय ठरते. परंतु जुळणीच्या साखळीवर उभे राहून तोच तो बोल्ट दिवसभर आवळत राहणे, याला शिक्षण कोण म्हणेल? अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१३ साली 'नीम' नावाची योजना काढली. तिच्या आडून प्रशिक्षणार्थींकडून कायम कामगाराचे काम स्वस्तात करून घेतले जाते, असा गिल्ला कामगार संघटनांनी केला आणि अखेर परिषदेला ती योजना गुंडाळावी लागली. नाव बदलले म्हणून वृत्ती बदलते असे नाही. एका फाटकातून बाहेर पडावयाचे, दुसऱ्या फाटकात पुन्हा 'शिकाऊ' म्हणून शिरावयाचे, आणि लग्नाचे वय उलटले तरी कोठेच कायम व्हावयाचे नाही, हा आजच्या तरुणाच्या जन्माचा प्रश्न आहे. त्याला हात घातल्यावाचून 'उद्योगांच्या गरजेनुसार प्रशिक्षण' ही घोषणा म्हणजे स्वस्त मजुरीचे सोज्ज्वळ नाव ठरेल, असे आम्ही स्पष्टपणे बजावू इच्छितो.

आणखी एक सावधगिरी हवी. उद्योगांची गरज हे प्रशिक्षणाचे एक माप आहे. ते एकमेव माप मानणे धोक्याचे आहे. कारखानदार पुढच्या दोन-तीन वर्षांच्या मागणीचा विचार करतो. मुलाला मात्र पस्तीस वर्षे काम करावयाचे असते. मुंबईच्या गिरणगावाने एकाच धंद्याचे कौशल्य पिढ्यान्‌पिढ्या जोपासले. जानेवारी १९८२ मध्ये सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यानंतर गिरण्यांची धुराडी एकामागून एक थंडावली, तेव्हा मागावर निष्णात असलेल्या माणसाला दुसरे काम शिकवणारी कोणतीही व्यवस्था समाजापाशी नव्हती. त्या कुटुंबांची जी परवड झाली ती मुंबईने डोळ्यांनी पाहिली आहे. आज तसेच संकट वेगळ्या रूपाने पुण्याच्या दाराशी आले आहे. विजेवर चालणाऱ्या वाहनात दट्ट्या नाही, झडपा नाहीत, इंधनाचा पंप नाही. तेथे मोटार, विद्युतघट आणि त्यांचे नियंत्रण करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आहे. चाकण-भोसरीतील कितीतरी लहान कारखाने जुन्या इंजिनाचे सुटे भाग बनवूनच जगत आले आहेत. तेथील चाळिशीतल्या कामगाराला नवी विद्या कोण देणार? प्रशिक्षण म्हणजे दहावी उत्तीर्ण मुलांपुरती गोष्ट, ही समजूत आता सोडून दिली पाहिजे.

परदेशाचे उदाहरण द्यावयाचे तर जर्मनीचे द्यावे. तेथे शिकाऊ मुलाचा करार थेट कारखान्याशी होतो. आठवड्याचे तीन-चार दिवस तो कारखान्यात काम शिकतो आणि उरलेले एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत जातो. परीक्षा व्यापारी व कारागीर मंडळांच्या विद्यमाने होते आणि परीक्षक मंडळात मालकांबरोबर कामगारांचेही प्रतिनिधी बसतात. १९६९ च्या कायद्याने ही घडी राष्ट्रभर एकसूत्री झाली. याच जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी महाराष्ट्राने २०२४ साली १०,००० कुशल माणसे पाठवण्याचा करार केला. आमच्या मुलांना परदेशी संधी मिळावी, याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु जर्मनीला कामगार पाठवीत असताना तेथील कामगार कसा घडतो, तेही आम्ही तेथून आणावयास नको काय? आपल्याकडेही २०१६ पासून दुहेरी प्रशिक्षणाची पद्धत नियमांत आहे. ती कागदावरून यंत्रापर्यंत किती ठिकाणी पोहोचली, याचा हिशेब शासनाने एकदा जाहीर करावा.

गाठ घालावयाची ती मंत्रालयात घालून चालणार नाही. ती जिल्ह्यात घातली पाहिजे. कोल्हापूरच्या ओतकाम उद्योगाची गरज एक, इचलकरंजीच्या यंत्रमागांची दुसरी. नाशिकला विमाने आणि विजेची उपकरणे बनतात. छत्रपती संभाजीनगरात टोयोटा किर्लोस्करने मोटारींच्या प्रकल्पासाठी २०२४ साली राज्याशी करार केला. सुरजागडच्या लोहखनिजावर गडचिरोलीत पोलादाचा उद्योग उभा राहत आहे. तेथील आदिवासी तरुणाच्या वाट्याला केवळ पहारेकऱ्याची आणि हमालीची कामे यावयाची नसतील, तर भट्टी पेटण्याआधी त्याच्या हाती कौशल्य पडले पाहिजे. जमीन घेताना स्थानिकांना रोजगाराचे आश्वासन द्यावयाचे आणि भरतीच्या वेळी स्थानिक माणूस अकुशल आहे म्हणून त्याला डावलावयाचे, हा अनुभव महाराष्ट्राला पुरेसा आला आहे.

हे ध्यानी घेऊन आम्ही शासनापुढे काही स्पष्ट सूचना ठेवतो. पहिली, दरवर्षी प्रवेशाआधी प्रत्येक औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांनी येत्या तीन वर्षांत कोणत्या व्यवसायाची किती माणसे लागतील हे जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी द्यावे, ते प्रसिद्ध व्हावे, आणि त्या आधारे संस्थांतील तुकड्या वाढवाव्यात वा कमी कराव्यात. जो कारखाना आपली मागणी लिहून देणार नाही, त्याने माणसे मिळत नाहीत अशी तक्रारही करू नये. दुसरी, शिल्पनिदेशकांच्या रिक्त जागा कायम स्वरूपात भराव्यात, आणि प्रत्येक निदेशकाला ठरावीक काळाने कारखान्यात महिनाभर काम करावयास पाठवावे. उलट कारखान्यातील जाणत्या कारागिराला, त्याच्यापाशी पदवी नसली तरी, संस्थेत शिकवावयास मानधनाने बोलवावे. तिसरी, २०१४ च्या दुरुस्तीनुसार शिकाऊ उमेदवारांतून भरती करण्याचे आपले धोरण प्रत्येक मालकाने ठरवावयाचे आहे. ते धोरण, आणि गेल्या वर्षी घेतलेल्या उमेदवारांपैकी किती जण कायम केले तो आकडा, कारखान्याच्या फाटकावर लावण्याची सक्ती करावी. चौथी, प्रात्यक्षिक परीक्षेच्या वेळी कारखान्यांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी परीक्षक म्हणून हजर असावेत. पाचवी, या कार्यशाळा संध्याकाळी कुलूपबंद न ठेवता कामावर असलेल्या वा काम गेलेल्या प्रौढ कामगारांसाठी खुल्या कराव्यात. सहावी, मुलींसाठी राखून ठेवलेल्या जागा खरोखर भरावयाच्या असतील तर वसतिगृह आणि सुरक्षित प्रवासाची सोय आधी करावी. राखीव जागेची पाटी लावून मुलगी पंचवीस मैलांवरून येत नाही.

नव्या योजनेत संस्थांची सूत्रे उद्योगांच्या हाती जाणार आहेत, यास आमचा तत्त्वतः विरोध नाही. मात्र २००७-०८ सालीही देशातील १,३९६ शासकीय संस्थांसाठी अशीच भागीदारी आखली होती. प्रत्येक संस्थेच्या व्यवस्थापन समितीला अडीच कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज देण्यात आले, आणि समितीचे अध्यक्षपद उद्योगांच्या प्रतिनिधींकडे सोपवण्यात आले. त्यानंतरही आज ६०,००० कोटींची नवी योजना काढावी लागते, याचा अर्थ उघड आहे. मालकाला खुर्चीवर बसवल्याने तो आपोआप शिक्षणाचा भागीदार होत नाही. त्याचा पैसा, त्याचे यंत्र आणि त्याचा शब्द या तिन्ही गोष्टी गुंतल्या तरच तो भागीदार होतो. म्हणून या वेळी प्रत्येक समूहाच्या कारभाराचे मोजमाप एकाच प्रश्नाने व्हावे: येथून बाहेर पडलेल्या मुलांपैकी एक वर्षानंतर किती जण शिकलेल्याच कामावर आहेत आणि त्यांना वेतन काय मिळते? हा आकडा संस्थेनिहाय दरवर्षी प्रसिद्ध झाला, तर कोणत्याही समितीच्या अहवालाची फारशी गरज उरणार नाही.

या संस्थांत येणारी मुले बहुतेक शेतमजुरांची, लहान शेतकऱ्यांची, रिक्षाचालकांची आणि कामगारांची असतात. महाविद्यालयाचा लांबचा पल्ला त्यांना परवडत नाही. दोन वर्षांत घराला आधार द्यावयाचा असतो. ती दोन वर्षे त्यांनी शासनाच्या शब्दावर विश्वासून खर्च केलेली असतात. तो शब्द पाळणे हे शासनाचे कर्तव्य आहे, आणि त्या मुलांच्या हातांवर ज्यांचे कारखाने चालतात त्या कारखानदारांवरही ते ऋण आहे. १८८७ साली गिरणीमालकांना जे कळले, १९१० साली किर्लोस्करवाडीच्या माळावर जे घडले, ते आजच्या कितीतरी संपन्न उद्योगांना अवघड जाऊ नये. येत्या प्रवेशाच्या हंगामाआधी पुणे जिल्ह्यातील कारखानदारांनी आपल्या मागणीची पहिली यादी जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती ठेवावी आणि शासनाने रिक्त शिल्पनिदेशकांच्या नेमणुकांचे आदेश काढावेत. एवढे झाले तरी कामाला आरंभ झाला, असे आम्ही समजू.